खुल्या दारांचे मालक

१. निरोप जातो कसा?

जीमेलवरून याहूवर पत्र जातं. जिओच्या फोनवरून एअरटेलचा नंबर लागतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर निरोप का जात नाही?

हा प्रश्न शाळकरी मुलंसुद्धा विचारतात. ‘ती वेगवेगळी अ‍ॅप आहेत म्हणून’ असं सांगून आपण त्यांची बोळवण करतो. पण जीमेल आणि याहू तरी कुठे एकाच कंपनीचे आहेत?

ईमेल पाठवताना दोन संगणकांमध्ये ठरावीक साच्याचं बोलणं होतं. पहिला आपली ओळख सांगतो, दुसरा ‘बोला’ म्हणतो. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, मजकूर, आणि ‘संपलं’ अशी खूण. या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. या नियमांचं नाव एसएमटीपी. ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. उद्या सांगलीतल्या एखाद्या कॉलेजने स्वतःचा ईमेल सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालू राहून इतरांची कामं करणारा संगणक, मांडला आणि हे नियम पाळले, तर त्यांचं पत्र गुगलच्या दारात जाऊन उभं राहू शकतं. अशा रचनेत मधोमध बसलेला मालक नसतो, म्हणून तिला विकेंद्रित म्हणायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. तिथे पाठवणारा, पोचवणारा आणि घेणारा सगळे एकाच कंपनीच्या छपराखाली आहेत. बाहेरच्याला आत बोलू द्यायचं की नाही, ही बाब तंत्राची कमी आणि मर्जीची जास्त आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण पुढे त्यांची गल्लत होते. खुला नियम म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा सर्वांना उपलब्ध असलेला मसुदा. खुला कोड, म्हणजेच ओपन सोर्स, याचा अर्थ प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांना वाचता येतो, बदलता येतो, पुन्हा वाटता येतो. कोड खुला असूनही दार बंद असू शकतं. आणि दोन्ही खुलं असूनही सत्ता एकाच हाती जाऊ शकते. ती कशी जाते, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

२. जॅबरची गोष्ट

१९९० च्या दशकाच्या अखेरीस गप्पा मारायची अनेक सॉफ्टवेअर होती: एओएल, आयसीक्यू, याहू, एमएसएन. एकावरून दुसऱ्यावर बोलता येत नसे. अमेरिकेतल्या जेरेमी मिलर या तरुणाने जानेवारी १९९९ मध्ये यावर एक तोड जाहीर केली, तिचं नाव जॅबर. कल्पना ईमेलचीच: प्रत्येकाचा पत्ता ‘नाव, मग ॲट, मग सर्व्हर’ असा, कोणीही सर्व्हर चालवावा, सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतील. या पद्धतीला २००४ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत मान्यता मिळाली आणि तिचं एक्सएमपीपी असं रूक्ष बारसं झालं. मी इथे जॅबरच म्हणेन.

ऑगस्ट २००५ मध्ये गुगलने गुगल टॉक आणलं, तेही जॅबरच्या नियमांवर. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी आपले सर्व्हर बाहेरच्या जॅबर सर्व्हरांना जोडले. तेव्हा या चळवळीतल्या लोकांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा. मूठभर हौशी मंडळींनी उभारलेल्या जाळ्यात जगातली सर्वांत लाडकी कंपनी स्वतःहून सामील झाली होती. पुढच्याच महिन्यात गप्पांची चौकट जीमेलच्या पानावर आली. आता जीमेल असणारा प्रत्येक जण, नकळत का होईना, जॅबरवाला झाला.

पण जाळ्याचं वजन एका बाजूला कलंडलं. समजा, या जाळ्यात हजार माणसं आहेत. नऊशे गुगलकडे, शंभर इतर छोट्या सर्व्हरांवर. प्रत्येकाचे पन्नास ओळखीचे आहेत, साधारण त्याच प्रमाणात विखुरलेले: पंचेचाळीस गुगलवर, पाच बाहेर. आता गुगलने दार लावून घेतलं असं धरा. गुगलवरच्या माणसाचे पन्नासांपैकी पाच जण तुटले. त्याला चार दिवस चुकल्यासारखं होईल, मग तो विसरेल. बाहेरच्या माणसाचे मात्र पंचेचाळीस तुटले. त्याने काय करावं? गुगलवर खातं उघडावं. असे शंभरातले ऐंशी जण गेले, की उरलेल्या वीस जणांना तिथे राहण्याचं कारणच उरत नाही. सगळे नियम जागच्या जागी, सगळा कोड खुला, कोणावर बळजबरी नाही, आणि तरी वस्ती उठते.

प्रत्यक्षात घडलं ते साधारण असंच, फक्त दाराला एकदम कडी लागली नाही. मे २०१३ मध्ये गुगलने टॉकच्या जागी हँगआउट्स आणलं, आणि त्यात बाहेरच्या जॅबर सर्व्हरांशी बोलण्याची सोय नव्हती. जुनं गुगल टॉक काही काळ रखडत राहिलं. तेवढ्यात जॅबर चालवणाऱ्यांनी ठरवलं की मे २०१४ पासून सर्व्हर-सर्व्हरमधलं सगळं बोलणं सांकेतिक, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं, असावं. गुगलच्या जुन्या सर्व्हरांना ते जमत नव्हतं आणि गुगलने ते जमवलंही नाही. धागा तिथे तुटला.

गुगलने जॅबर मारलं, असं आजही या वर्तुळात छातीठोकपणे सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जॅबरची स्वतःची दुखणीही कमी नव्हती. स्मार्टफोन आले तेव्हा त्याची जुनी रचना बॅटरी खायची, फोटो पाठवणं कटकटीचं होतं, फोन आणि संगणक दोन्हींवर एकाच वेळी गप्पा चालू ठेवणं अवघड होतं. या दुरुस्त्या करायला पैसा आणि माणसं लागतात. ती गुगलकडे होती, पण जाळ्यातला सर्वांत मोठा भागीदार सुधारणेत मागे राहिला, तर उरलेल्यांना पुढे जाता येत नाही. कारण पुढे गेलं की त्याच्याशी बोलणं तुटतं, आणि त्याच्याकडेच तर सगळी माणसं.

जॅबर मेलं मात्र नाही. ते कुठे गेलं, तो पुढचा भाग.

३. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोटात

व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झालं, तेव्हा संस्थापकांनी निरोप पोचवणारा सर्व्हर नव्याने लिहिला नाही. त्यांनी ईजॅबरडी नावाचा जॅबरचाच एक खुला सर्व्हर घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे तो पार बदलून टाकला. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सअ‍ॅप विकत घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा कंपनीत जेमतेम पंचावन्न माणसं होती आणि वापरणारे पंचेचाळीस कोटी. इतक्या थोड्या माणसांना ते पेललं याचं बरंचसं श्रेय इतरांनी आधीच फुकट लिहून ठेवलेल्या कोडला जातं. म्हणजे सर्वांशी बोलण्यासाठी जन्मलेली पद्धत जवळपास कोणाशीच न बोलणाऱ्या अ‍ॅपच्या पायाशी गेली.

हे कायद्याने चालतं का? चालतं. खुल्या कोडचे परवाने निरनिराळे असतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध जीपीएल, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेला. त्याची अट अशी: हा कोड घ्या, बदला; पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर बदलांचा मूळ मजकूरही द्या. यातला ‘दुसऱ्याला दिलात’ हा तुकडा १९८९ मध्ये पुरेसा होता, कारण तेव्हा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून हातोहात जात. पुढे प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवरच राहू लागले. लोक ते दुरून वापरतात, त्यांची प्रत कोणालाच दिली जात नाही, त्यामुळे अट लागूच पडत नाही.

ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएल आला: सर्व्हरवर चालवलात तरी वापरणाऱ्यांना मजकूर द्या. त्याचा एक गमतीदार प्रयोग २०२१ मध्ये पाहायला मिळाला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं ट्रुथ सोशल हे समाजमाध्यम जाहीर झालं, ते मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या खुल्या सॉफ्टवेअरवर (त्याबद्दल पुढे) बेतलेलं असल्याचं लोकांनी ओळखलं. मॅस्टोडॉनचा परवाना एजीपीएल. त्याच्या कर्त्याने रीतसर पत्र पाठवलं आणि काही दिवसांत ट्रुथ सोशलच्या संकेतस्थळावर मूळ मजकूर निमूटपणे ठेवला गेला. परवाना कामाला आला तो असा. पण त्याने फक्त कोड मिळवून दिला. ट्रुथ सोशल बाकीच्या मॅस्टोडॉन सर्व्हरांशी बोलत नाही, आणि बोलायला लावेल असं कोणतंही कलम परवान्यात नाही.

४. अँड्रॉइड: विहीर आणि मोटार

भारतात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. कोणीही उतरवून घ्यावा, त्यावर फोन बनवावा. मग गुगलची त्यावर एवढी पकड कशी?

सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते. चौघांचा हिस्सा, पाळ्या ठरलेल्या. पण वीजजोड आणि मोटार एकाच भावाच्या नावावर असेल, तर बाकीच्यांचा हिस्सा कागदावर राहतो. अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यात फोन सुरू होतो, स्क्रीन लागते, कॉल लागतात. प्ले स्टोअर, नकाशे आणि गुगल प्ले सर्व्हिसेस नावाचा पडद्यामागचा थर मात्र त्यात नाही. तो गुगलच्या मालकीचा आहे. बँकांची, टॅक्सीची, जेवण मागवण्याची असंख्य अ‍ॅप सूचना पाठवायला किंवा तुमचं ठिकाण ओळखायला याच थराचा आधार घेतात. गेल्या काही वर्षांत एकेक सोय खुल्या गाभ्यातून या मालकीच्या थरात सरकत गेली.

हा थर हवा असेल तर फोन कंपनीला गुगलशी करार करावा लागे. त्यातलं एक कलम असं की अँड्रॉइडचा वेगळा, गुगलला मान्य नसलेला अवतार असलेला फोन तुम्ही बाजारात आणायचा नाही. एकही नाही. २०१२ मध्ये तैवानची एसर कंपनी चीनच्या अलीबाबाची अलीयुन ही प्रणाली असलेला फोन आणणार होती. अलीयुन ही अँड्रॉइडचाच विसंगत अवतार आहे असं गुगलचं म्हणणं होतं, आणि फोन आयत्या वेळी रद्द झाला. मोटार नसेल तर काय होतं, ते ह्वावेने पाहिलं. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे तिच्या नव्या फोनांना गुगलचा थर मिळेनासा झाला. खुलं अँड्रॉइड हातात होतंच. तरी चीनबाहेर तिचे फोन घ्यायला गिऱ्हाईक कचरू लागलं.

भारतात हे प्रकरण स्पर्धा आयोगापुढे गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि असे करार बदलायला सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. त्याआधी २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने याच स्वरूपाच्या कारणांवरून ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. यांतल्या कोणत्याही आदेशात ‘तुमचा कोड खुला नाही’ अशी तक्रार नव्हती.

५. पण पदरचे पैसे कोण घालतं?

इथवर वाचून मोठ्या कंपन्या म्हणजे निव्वळ बांडगुळं असं वाटायला लागलं असेल, तर थांबा.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. ती ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रॅममध्ये होती. जगातली असंख्य संकेतस्थळं, बँकांची धरून, आपले व्यवहार सुरक्षित ठेवायला तो वापरत होती. तपशील बाहेर आले तेव्हा कळलं की या प्रोग्रॅमला देणग्या मिळत वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळपास एकच. लाज वाटून म्हणा किंवा भीतीने, गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन आदींनी एकत्र येऊन अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक लोक आज कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारी नोकर आहेत, आणि ते काम उत्तम आहे.

मार्च २०२४ मधला प्रसंग तर कादंबरीत शोभावा. एक्सझेड नावाच्या छोट्या खुल्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस बनून विश्वास संपादन केला आणि मग हळूच चोरवाट घातली. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो चोरवाटेपर्यंत पोचला. अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून खोदत बसण्याची फुरसत पगारी माणसाला असते; एकट्याने रात्री जागून प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याला क्वचितच.

त्यामुळे ‘कंपन्यांनी हात लावू नये’ ही मागणी मला भाबडी वाटते. कंपनीचा पगारी माणूस काय दुरुस्त करेल आणि कशाकडे दुर्लक्ष करेल हे कोण ठरवतं, तिकडे लक्ष हवं. ईमेलचंच पाहा. नियम आजही १९८२ च्याच वळणाचे आणि सर्वांचे. पण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रं पाठवणाऱ्यांनी ओळख पटवणाऱ्या ठरावीक खुणा लावल्याच पाहिजेत, असं गुगलने जाहीर केलं आणि याहूने सोबत केली. या खुणा चांगल्याच आहेत, फसवी पत्रं त्यांनी कमी होतात. फक्त त्या सक्तीच्या कधी करायच्या हे दोन कंपन्यांनी ठरवलं आणि सगळ्या जगाने मान डोलावली. सांगलीच्या त्या कॉलेजचं पत्र गुगलच्या दारात पोचेल असं मी म्हणालो होतो. आत इनबॉक्समध्ये जाईल की स्पॅमच्या ढिगाऱ्यात, ते गुगल ठरवतं.

६. मॅस्टोडॉनच्या गावात नवा शेजारी

जर्मनीतल्या ऑयगन रोखको या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आणलं. दिसायला ट्विटरसारखं, आतून ईमेलसारखं: हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियमावली वेगळी, पण सगळे एकमेकांशी बोलणारे. हे बोलणं ॲक्टिव्हिटीपब या खुल्या नियमाने चालतं. त्याला २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्यता दिली. हा नियम पाळणाऱ्या सगळ्या सर्व्हरांच्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

भारतीयांची मॅस्टोडॉनशी पहिली मोठी ओळख नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, त्याच्या निषेधात बरेच जण तिकडे गेले. बहुतेक परतही आले. ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे ट्विटरवरच होते! ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं तेव्हा दुसरी लाट आली, आणि महिन्याला वावरणारे मॅस्टोडॉनचे लोक तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले.

जुलै २०२३ मध्ये इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने थ्रेड्स काढलं. पाच दिवसांत दहा कोटी खाती. आणि मेटाने सांगितलं की थ्रेड्स पुढे ॲक्टिव्हिटीपबने फेडिव्हर्सशी जोडलं जाईल. वरचं हजार माणसांचं गणित आठवा. इथे तर पहिल्याच आठवड्यात एका बाजूला दहा कोटी आणि दुसऱ्या बाजूला त्या मानाने मूठभर लोक होते.

सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये उभी फूट पडली. शेकडो जणांनी थ्रेड्सला आपल्या सर्व्हरवरून रोखण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. त्यांच्या बोलण्यात जॅबरचा दाखला हटकून येई. रोखको यांचं मत उलट होतं: एवढी मोठी कंपनी आपला नियम पाळतेय यातच चळवळीचा विजय आहे, आणि उद्या तिने दार लावलं तर आपण आधी होतो तिथेच परत येऊ. मला यातला उत्तरार्ध पटत नाही. जॅबरवाले पूर्वीच्या जागी परत आले नव्हते. मधल्या सात-आठ वर्षांत त्यांचे मित्र दुसरीकडे राहायला गेले होते. पण दार रोखणाऱ्यांचाही सगळा हिशेब जमत नाही. ज्यांना मेटाच्या छपराखालून बाहेर पडायचंय, त्यांचे नातेवाईक थ्रेड्सवरच आहेत, आणि त्यांच्याशी बोलण्याचा धागाच कापला तर बाहेर पडणार कोण?

तूर्त थ्रेड्सचं पाऊल अर्धं आत, अर्धं बाहेर आहे. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन जोडणी चालू करायची, आपोआप काही होत नाही. फेडिव्हर्समधल्या लोकांचं लिखाण थ्रेड्सवर वाचता येतं, पण मुख्य प्रवाहात नाही, वेगळ्या कप्प्यात.

७. सक्तीने उघडलेलं दार

जिओवरून एअरटेलला फोन लागतो, तो कंपन्यांच्या चांगुलपणाने लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा कॉल मोठ्या प्रमाणावर लागत नव्हते. जुन्या कंपन्या पुरेशा जोडण्या देत नाहीत असा जिओचा आरोप होता. दूरसंचार नियामक ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. जोडणी देणं हे परवान्यातलं बंधन आहे, म्हणून हे शक्य झालं.

यूपीआयचंही तसंच. मुंबईच्या एनपीसीआयने, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, २०१६ मध्ये ते सुरू केलं, तेव्हापासून कोणत्याही अ‍ॅपमधून कोणत्याही बँकेत पैसे जातात. मात्र नियमाने दारं उघडी ठेवूनही गर्दी दोनच घरांत झाली: फोनपे आणि गुगल पे मिळून सुमारे ऐंशी टक्के व्यवहार करतात. एका अ‍ॅपचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये हा नियम एनपीसीआयने २०२० मध्येच केला; त्याची मुदत वाढत वाढत डिसेंबर २०२६ पर्यंत आली आहे. निरोपांसाठीही यूपीआय किंवा ईमेलसारखी सामाईक रीत हवी, असं झोहोचे श्रीधर वेंबू यांनी २०२५ मध्ये आपल्या अरट्टै या निरोपांच्या अ‍ॅपच्या निमित्ताने म्हटलं. तसा नियम आपल्याकडे अजून झालेला नाही.

युरोपात झाला आहे. तिथल्या डिजिटल बाजार कायद्याप्रमाणे मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपला, मागणी करणाऱ्या इतर अ‍ॅपशी जोडून घेणं बंधनकारक आहे. २०२५ च्या अखेरीस पहिली दोन अ‍ॅप जोडलीही गेली, बर्डीचॅट आणि हायकेट. फारसं कोणी ऐकलेली नव्हती अशी ही नावं. ज्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं त्या सिग्नल आणि थ्रीमा या निरोपसेवांनी २०२४ मध्येच नको म्हणून सांगितलं होतं.

सिग्नलचा नकार समजून घेण्यासारखा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप ज्या सांकेतिक पद्धतीने बंदिस्त होतात, ती पद्धत सिग्नलच्याच मंडळींची, खुली. २०१६ पर्यंत व्हॉट्सअ‍ॅपने ती पूर्णपणे अंगीकारली. म्हणजे मजकूर दोन्हीकडे सारखाच सुरक्षित आहे. पण कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोललं, ही माहिती सिग्नल मुळात साठवतच नाही. जोडणी झाली तर सिग्नलवरून व्हॉट्सअ‍ॅपला गेलेल्या प्रत्येक निरोपाची तेवढी नोंद मेटाच्या सर्व्हरवर राहू शकते, आणि ती न ठेवण्याची सक्ती करण्याचा सिग्नलकडे काही उपाय नाही.